स्वेटर नको, छत्री हवी

मंडळी, सध्या हडपसरात एक नवी साथ आलेली आहे. 'गच्चीवर ग्रीनहाऊस' तिचं नाव. लक्षणं ठरलेली. पेशंट आयटीतला, वय तीस ते पंचेचाळीस, मालकीची गच्ची किंवा टेरेस फ्लॅट. शनिवारी सकाळी तो इंग्लंडातल्या कुठल्या तरी आजोबांचा यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहतो. आजोबा स्वेटर घालून काचेच्या टुमदार खोलीत टोमॅटोची रोपं कुरवाळत असतात, बाहेर धुकं असतं. दुपारी पेशंट एक्सेल शीट उघडतो. कॉलम्स : काच, ॲक्रिलिक, फायबर, पॉलीकार्बोनेट. रोज : प्रकाश किती, उष्णता किती अडते, टिकतं किती, दिसतं कसं. रविवारी संध्याकाळी निकाल लागतो. ६ मिमी ट्विन-वॉल पॉलीकार्बोनेट! सोमवारी फॅब्रिकेटरला फोन.

पुढचं सांगायला ज्योतिषी नको. पहिल्या हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर फोटोंचा पूर. एप्रिल आला की फोटो बंद. मे महिन्यात आत टोमॅटोच्या जागी काड्या. आणि दोन वर्षांनी त्याच खोलीत मुलांच्या जुन्या सायकली, एसीचं खोकं आणि दिवाळीचा आकाशकंदील. म्हणजे लाखभर रुपयांची पारदर्शक माळ्याची खोली.

तर आज मला जे म्हणायचंय ते सुरुवातीलाच स्वच्छ सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांची सोय होईल. हडपसरात घरगुती ग्रीनहाऊसवर काच किंवा पॉलीकार्बोनेट चढवणं चूक आहे. 'ज्याची त्याची आवड' वगैरे काही नाही. सरळसरळ चूक. इथे छतावर २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म हवी, तिच्या वर काढता-घालता येणारी शेडनेट हवी, आणि चारही बाजूंना जाळी. बस्स. शेतकरी या फिल्मला 'पेपर' म्हणतात. हो, तोच तो पेपर. तळेगावच्या बाजूला गुलाबाच्या पॉलिहाऊसवर दिसतो तो.

आता का, ते सांगतो.

आपल्या धंद्यात एक साधा नियम आहे. रिक्वायरमेंट काय आहे हे विचारल्याशिवाय सोल्यूशनला हात लावायचा नाही. क्लायंटनं काय मागितलंय ते बाजूला ठेवून त्याला मुळात काय त्रास होतोय ते बघायचं. ऑफिसात हे आपण रोज एकमेकांना ऐकवतो. आणि घरी येऊन दुसऱ्या देशातल्या क्लायंटसाठी लिहिलेला कोड आपल्या गच्चीवर जसाच्या तसा पेस्ट करतो!

काचेचं ग्रीनहाऊस हा कोणाच्या त्रासावरचा उपाय आहे? थंडीने गारठलेल्या माणसांच्या. ॲमस्टरडॅमला डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. तिथे प्रकाशाचा प्रत्येक थेंब मोलाचा आणि उबेचा प्रत्येक अंश विकत घ्यावा लागतो. म्हणून पारदर्शक काच, म्हणून दुहेरी भिंत, म्हणून ते सगळं इन्शुलेशन. पुण्याचा हिशोब बघा. आपण १८.५ अंश अक्षांशावर. डिसेंबरमधल्या सगळ्यात लहान दिवशीही दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. तेवढा वर यायला ॲमस्टरडॅमच्या सूर्याला एप्रिलचा मध्य उजाडतो. आणि आपल्या एप्रिल-मेबद्दल तर बोलायलाच नको. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. शाळांमधून हा 'शून्य सावली दिवस' म्हणून दाखवतात. आपले ग्रीनहाऊसवाले मात्र त्याच सावली नसलेल्या दिवसासाठी जास्तीत जास्त प्रकाश आत घेणारं छत शोधत असतात.

थंडीचं म्हणाल तर पुण्याच्या वेधशाळेत नोंदलेली नीचांकी थंडी १.७ अंशांची, आणि ती १७ जानेवारी १९३५ ची. आजकाल कडाक्याची थंडी म्हणजे शिवाजीनगरला आठ-नऊ अंश. त्यातही हडपसर-मगरपट्टा रात्री शिवाजीनगरपेक्षा काही अंश उबदारच असतो, हे हवामान खात्याचे रोजचे आकडे बघणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सिमेंट, डांबर आणि काचेच्या इमारती दिवसा तापतात आणि रात्रभर ऊब सोडत बसतात. अशा ठिकाणी आपण झाडांना स्वेटर घालायला निघालो आहोत.

आणि स्वेटरचीही एक गंमत आहे. स्वेटर स्वतः ऊब तयार करत नाही. आत गरम माणूस असेल तर त्याची ऊब तो धरून ठेवतो. दगडाला स्वेटर घातला तर दगड गरम होत नाही. ट्विन-वॉल पॉलीकार्बोनेटचा सगळा डौल त्याच्या दुहेरी भिंतीत आहे. ६ मिमीच्या शीटमधून एकेरी काचेच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपासच उष्णता बाहेर जाते. ब्रोशरमध्ये हे ठळक छापतात. पण याचा फायदा कोणाला? ज्याच्या ग्रीनहाऊसमध्ये रात्रभर हीटर चालतो त्याला. त्याचं बिल वाचतं. हडपसरात गच्चीवर टोमॅटोसाठी हीटर लावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी त्याला घरी चहाला बोलावीन, पण सल्ला घेणार नाही.

आता आपला खरा त्रास. थोडं गणित करू, घाबरू नका, आठवीचं आहे.

समजा तुमचं ग्रीनहाऊस १० बाय ८ फुटांचं आहे. म्हणजे जमीन साधारण ७.४ चौरस मीटर. एप्रिलच्या दुपारी दर चौरस मीटरवर जवळजवळ १००० वॉट ऊन पडतं. छतातून त्यातलं ८०-८५ टक्के आत आलं तर झाले सहा किलोवॉट. सहा किलोवॉट म्हणजे दोन-दोन किलोवॉटचे तीन गीझर एकाच वेळी चालू! बाथरूमपेक्षा थोड्या मोठ्या खोलीत तीन गीझर लावायचे, वर दार बंद करायचं आणि मग विचारायचं, 'अरे, टोमॅटोला फळ का धरत नाही?' दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढे सरकलं आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फुलं गळतात. हे कोणत्याही कृषी सहायकाला झोपेतून उठवून विचारा. बाहेर ३९ असताना आत काय होत असेल त्याची कल्पना करा.

म्हणजे पुण्यातल्या ग्रीनहाऊसपुढचा प्रश्न 'ऊब कशी धरू' हा नाहीच. 'उष्णता बाहेर कशी काढू' हा आहे. इथे कोणतंही पारदर्शक छत पास होत नाही, फिल्मसुद्धा नाही. पास होते ती हवा. म्हणून छताचं मटेरियल ठरवण्याआधी हवा कुठून येणार आणि कुठून जाणार ते ठरवायला हवं. आपले शेतकरी नैसर्गिक वायुवीजनाचं पॉलिहाऊस बांधतात ते कळसाला ६ ते ६.५ मीटर उंच असतं आणि वर एक कायमची फट ठेवलेली असते. गरम हवा वर चढते, फटीतून निघून जाते आणि बाजूच्या जाळीतून नवी हवा आत येते. आपलं ग्रीनहाऊस सात फूट उंच, चारी बाजूंनी बंद, आणि छतात एक पुस्तकाएवढी खिडकी, तीही व्हिडिओत होती म्हणून. अहो, तो प्रेशर कुकर झाला. शिट्टी आहे म्हणून त्याला कोणी हवेशीर म्हणत नाही.

एकदा चारही भिंती जाळीच्या करायच्या ठरल्या, की उरतं फक्त छत. आणि भिंतीच नाहीत म्हटल्यावर छताचं इन्शुलेशन हा विषयच संपला. उघड्या खिडकीच्या खोलीत जाड पडदा लावून काय उपयोग?

मग छताचं काम काय? पाऊस अडवणं आणि ऊन चाळणं. छत्रीचं काम! केरळात शेतकऱ्यांसाठी याच धर्तीचं 'रेन शेल्टर' अनेक वर्षं चालू आहे. चार खांब, वर यूव्ही फिल्म, बाजू मोकळ्या. लांब कशाला जायचं, आपल्याकडे नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार वेलींवर प्लास्टिकचं आच्छादन घालायला लागलेत. द्राक्षाला थंडी वाजते म्हणून? छे. अवकाळी पावसाने घड नासतात म्हणून. महाराष्ट्रातला कसलेला बागायतदार स्वतःचा पैसा घालताना छत्री विकत घेतो. आपण स्वेटर घेतो.

आता एकेक उमेदवार घेऊ.

काच. दिसायला राणी. ९० टक्के प्रकाश आत सोडते, पिवळी पडत नाही, नीट राहिली तर आपल्या नातवंडांपर्यंत टिकते. पण वजन? काचेचा हिशोब सोपा आहे, जाडीच्या दर मिमीमागे चौरस मीटरला अडीच किलो. ४ मिमी काच म्हणजे १० किलो. त्या १० बाय ८ च्या ग्रीनहाऊसच्या भिंती आणि छत मिळून साधारण ३२ चौरस मीटर. म्हणजे ३२० किलो नुसती काच, आणि ती पेलायला तेवढाच दणकट सांगाडा. पाचव्या-सातव्या मजल्यावरच्या गच्चीत. शिवाय गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट महाराष्ट्रात कोणी विसरलेलं नाही. साधी काच फुटली तर सुरे खाली येतात. टफन्ड फुटली तर खडीसाखर होते, पण ती सगळी खडीसाखर कुंड्यांच्या मातीत. मग बसा निवडत.

ॲक्रिलिक. काचेहून पारदर्शक, पण स्क्रू आवळला की तडकणारं. पुढे चला.

फायबरचे पत्रे, म्हणजे एफआरपी. नवे असताना उजेड छान पसरवून देतात. पण उन्हापावसात वरचा थर झिजतो, आतले काचतंतू उघडे पडतात, त्यात हडपसरची धूळ बसते आणि रंग चहाच्या गाळणीसारखा होतो. कोणत्याही जुन्या वर्कशॉपचं छत बघून या.

पॉलीकार्बोनेट. हा आजचा मुख्य आरोपी, म्हणून त्याला जरा वेळ देऊ. आधी त्याच्या बाजूनं बोलतो. गारपिटीला याच्याइतकं कोणी पुरून उरत नाही. वजन काचेच्या मानाने फारच कमी, ६ मिमी ट्विन-वॉल चौरस मीटरला साधारण १.३ किलो. म्हणजे आपल्या ग्रीनहाऊसला ४२ किलोच्या आसपास. रोपवाटिकेच्या प्रयोगशाळा किंवा संशोधन केंद्रं जिथे मोठे पंखे आणि ओले पॅड लावून आतली हवा थंड करतात तिथे ते शोभतं. वीज आणि माणसं, दोन्ही त्यांच्याकडे असतात.

पण गच्चीवर काय होतं? एक, या शीटला यूव्हीचं संरक्षण सहसा एकाच बाजूला असतं. वरच्या संरक्षक कागदावर तसं छापलेलं असतं. लावणारा मुलगा सोयीसाठी तो कागद आधीच फाडून टाकतो, मग कोणती बाजू वर हे देवाला माहीत. उलटी लागली की काही वर्षांत पिवळी आणि ठिसूळ. दोन, पॉलीकार्बोनेट उन्हात वाढतं. ८ फुटांची शीट रात्रीच्या १५ अंशांवरून दुपारी ५५ ला गेली की सहा मिमीने लांब होते. भोक मोठं ठेवायला हवं, पण आपल्याकडे स्क्रू भिंतीत खिळा ठोकावा तसा ठोकतात. मग शीट फुगते, कडकड वाजते आणि भोकापाशी चिरते. तीन, त्याच्या नळ्या. टोकांना वर सीलबंद पट्टी आणि खाली पाणी निथळू देणारी पट्टी लावायला लागते. न लावल्यास पहिल्या पावसाळ्यात आत शेवाळ. बाहेरून घासून निघत नाही, आत हात जात नाही. अशी हिरवी छतं हडपसरात पार्किंगवर भरपूर दिसतील, वर मान करून बघा.

आणि हेच तर मूळ आहे. आपला फॅब्रिकेटर आयुष्यभर पार्किंगची शेड लावत आलाय. त्याचा त्याला दोष नाही. कार कोरडी कशी ठेवायची हे त्याला उत्तम कळतं. पण कारला प्रकाशसंश्लेषण करायचं नसतं आणि पन्नास अंशांत तिची फुलं गळत नाहीत.

आता आपली फिल्म. २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिमी. पॉलिथिन पाण्याहून हलकं, त्यामुळे चौरस मीटरला १८५ ग्रॅमच्या आसपास. सगळं ग्रीनहाऊस मढवलं तरी सहा किलो! काच ३२० किलो, पॉलीकार्बोनेट ४२ किलो, फिल्म ६ किलो. विक्री किलोवर होते, चौरस फुटावर नाही, यातच भावाचा अंदाज घ्या. 'डिफ्यूज्ड' प्रकारची मागा. ती ऊन विखरून आत सोडते, त्यामुळे वरची पानं करपत नाहीत आणि खालच्या पानांनाही उजेड मिळतो. आणि एक गंमत, साधं पॉलिथिन उष्णतेचे अवरक्त किरण बऱ्यापैकी बाहेर जाऊ देतं. काच आणि पॉलीकार्बोनेट ते अडवतात. थंड देशात हा फिल्मचा दुर्गुण मानतात. हडपसरात रात्री उकाडा निघून जातो, म्हणजे सद्गुण. एकच मटेरियल, पण देश बदलला की गुणपत्रिका उलटी होते. एक्सेल शीटमध्ये नेमकं हेच येत नाही.

बसवण्याच्या दोन-तीन गोष्टी मात्र चुकवू नका. फिल्म दोरीने किंवा खिळ्यांनी बांधायची नाही. पॉलिहाऊसवाले ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये झिगझॅग स्प्रिंग दाबून ती ताणतात, तेच सामान सुटं विकत मिळतं. जीआय पाइप जिथे फिल्मला टेकतो तिथे तो पांढरा रंगवा, नाहीतर तापलेल्या पाइपवर फिल्म आधी तिथेच फाटते. आत गंधकाची फवारणी जपून करा, गंधकाने फिल्ममधला यूव्हीरोधक घटक लवकर मरतो. उतार भरपूर द्या, नाहीतर जुलैत छतावर पाण्याची झोळी होते. बाजूंना ४० मेशची कीटकरोधक जाळी. आणि शेडनेट ५० टक्क्यांची, फिल्मच्या वर वीतभर अंतर ठेवून. आत लावली तर ऊन आधी आत येतं आणि मग अडतं, म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावायची. मार्चमध्ये पसरायची, पावसाळा आला की गुंडाळून ठेवायची. आणि कृपा करून हिरवीच हवी असा हट्ट नको. पानं हिरवी दिसतात कारण हिरवा उजेड ती बराचसा परत पाठवतात. झाडाला लाल आणि निळा जास्त कामाचा. पांढरी शेडनेट सगळे रंग सारखे चाळते. पण आपल्याला हिरवं म्हणजे बाग असं वाटतं ना!

आता नेहमीचे आक्षेप.

'फिल्म तीन वर्षांत बदलावी लागते.' बरोबर, तीन-चार वर्षांत लागते. पण सहा किलो प्रत्येक वेळी. दहा वर्षांत तीनदा बदलली तरी वीस किलो प्लास्टिक. पॉलीकार्बोनेट एकदाच, पण ४२ किलो. जुन्या पॉलिथिनला भंगारवाला निदान घेऊन तरी जातो. पिवळ्या पडलेल्या, शेवाळलेल्या शीटा कोण घेणार? त्या शेवटी कचऱ्यातच जाणार. आणि पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं कोणाच्या दारात पडला हे हडपसरकरांना सांगायला नको. फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथून दिसतात. 'टिकाऊ' शब्दाचा अर्थ आपल्याकडे एकच, आपल्या घरात किती वर्षं टिकतं. आपल्या घराबाहेर पडल्यावर ते किती वर्षं टिकणार हे कोणी विचारत नाही.

'वादळात फिल्म उडून जाईल.' जाईलही. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथेच खरा धोका आहे, फक्त उलट बाजूनं. एप्रिल-मेच्या वळवाच्या आधी येतो तो वारा ताशी ९० किलोमीटरचा धरा. तो चौरस मीटरवर साधारण ३८ किलोचा जोर लावतो. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटवर म्हणजे एकशे दहा-पंधरा किलो. स्क्रू उपटले तर फिल्म फाटते आणि फडफडत राहते. तिच्या चिंध्या शेजारच्या बाल्कनीत गेल्या तर शिव्या पडतील, एवढंच. कडक धारेची शीट सातव्या मजल्यावरून सुटली तर ती खाली सोलापूर रस्त्याच्या गर्दीत येणार. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात अवकाळी वादळात होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली. उंचावर लावलेल्या सपाट वस्तूला वारा लागतो तेव्हा ती कोणाची हौस होती आणि कोणाचा धंदा, हे वारा बघत नाही. गच्चीवरच्या झाडांसाठी खाली चालणाऱ्या माणसाने जीव धोक्यात घालावा, एवढी टोमॅटोची किंमत अजून वाढलेली नाही.

'पण प्लास्टिकचा कागद दिसतो कसा!' आलं. हे खरं कारण आहे, बाकीचे सगळे आक्षेप याच्यापुढचे चोपदार. पेपर म्हटलं की आपल्याला झोपडीवरची ताडपत्री आठवते. आणि ग्रीनहाऊस काचेचं असलं की आपण थोडे इंग्लंडातले होतो. मुळात काचेचा हा मान इंग्लंडातही पैशाचाच होता. १८४५ मध्ये काचेवरचा कर रद्द होईपर्यंत काचघर हे बड्या लोकांचं खूळ होतं. नंतर १८५१ मध्ये पॅक्स्टन नावाच्या माळ्यानं लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला आणि जगाचे डोळे दिपले. आपले अजून दिपलेलेच आहेत. पण प्लास्टिकचं ग्रीनहाऊस कुठून आलं? अमेरिकेत केंटकी विद्यापीठात एमर्ट नावाचे प्राध्यापक होते. त्यांना काचेचं परवडत नव्हतं. १९४८ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यावर प्लास्टिकचा पडदा लावला आणि भाज्या काढल्या. आज स्पेनच्या अल्मेरियात असं प्लास्टिक हजारो हेक्टरवर पसरलंय, अर्ध्या युरोपच्या ताटात तिथली भाजी जाते. आणि ते लोक उन्हाळ्यात काय करतात माहितीये? छताला चुना फासतात, ऊन कमी यावं म्हणून! आणखी एक. लडाखमध्ये हिवाळ्यात उणे वीस होतं. तिथल्या गावांतली ग्रीनहाऊस तीन बाजूंना जाड मातीच्या भिंती आणि सूर्याच्या बाजूला यूव्ही पॉलिथिन, अशीच असतात. लडाखला जे चालतं ते हडपसरला पुरत नाही म्हणे.

मला राग येतो तो पैसे वाया गेल्याचा नाही. पैसे तुमचे. राग येतो तो आपण कोणाला विचारतो आणि कोणाला विचारत नाही याचा. हे हडपसर काल-परवापर्यंत शेतीचं गाव होतं. मुठेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथे भाजी आणि ऊस होत होता. ज्या मगरपट्टा सिटीत आपण एसी ऑफिसात बसतो ती सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून उभी केली. शेजारी मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. सोलापूर रस्त्याने अर्धा-पाऊण तास पुढे गेलात तर सोरतापवाडी, उरुळी कांचन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपवाटिकाच रोपवाटिका. तिथे लाखो रोपं कशाखाली वाढतात? शेडनेट आणि फिल्म. ती माणसं याच उन्हात, याच पाण्यावर, याच धुळीत रोज रोपं जगवून पोट भरतात. रोप मेलं तर त्यांचा धंदा बुडतो, आपला फक्त वीकेंड. मग ज्ञान कोणाकडे असेल? पण आपण त्यांच्याकडून कुंडी घेताना दहा रुपयांची घासाघीस करतो, आणि सल्ला घ्यायला यूट्यूबवर जातो.

याचा खरा तोटा पुढे आहे. एकदा काचमहालात झाडं करपली की तो माणूस 'मटेरियल चुकलं' असं म्हणत नाही. 'आपल्या गच्चीवर काही उगवत नाही' म्हणतो. सोसायटीतले दहा जण ते ऐकतात आणि कुंड्याही काढून टाकतात. ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या भाजी पिकली, तिच्यावर राहणारी माणसं आता शपथेवर सांगतात की इथे भाजी येत नाही. यापेक्षा मोठा विनोद कोणता?

असो. फार झालं.

तेव्हा पुढच्या शनिवारी एक्सेल उघडण्याऐवजी गाडी काढा आणि सोलापूर रस्त्याने कांचनच्या बाजूला जा. एखाद्या रोपवाटिकेत थांबा, मालकाला 'दादा, पेपर कोणता वापरता, किती वर्षं जातो, नेट कधी घालता' एवढं विचारा. हातात वही ठेवा. येताना दोन-चार रोपं विकत घ्या, आणि त्या दिवशी तरी घासाघीस करू नका.